पंचामृताने बिघडलेले मॅगझिन

छत्रीबाग, इंदूर
मंगळवार, ८ डिसेंबर १९६४

तीर्थरूप गं. भा. इंदुमतीवहिनींच्या चरणी यशोधरेचा शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता जमत नाही, तेव्हा त्यातले फक्त शिर पोचले असे समजावे.)

तुमची प्रकृती कशी आहे? चि. चिंतामणच्या सरकारी क्वार्टरमध्ये तुम्हाला मानवते आहे असे त्याच्या कार्डावरून कळले. कार्डात त्याने 'आई मजेत आहे' एवढेच लिहिले आहे. सचिवालयातला माणूस इतकी त्रोटक टिपणी लिहितो तेव्हा तिच्यामागे काहीतरी दडवलेले असते, असा माझा शाळातपासणीच्या नोकरीतला अनुभव आहे. भोपाळचे पाणी जड असते म्हणतात, ते उकळून प्यावे. सूनबाई तुमचा दुपारचा चहा वेळेवर देते की घड्याळ पाहून देते? येथे सर्व ठीक. तुम्हाला जाऊन आज एकतीस दिवस झाले. (मी मोजत बसले नव्हते. कॅलेंडर समोरच टांगलेले आहे.)

हे पत्र दोष देण्यासाठी नाही. जे बोलायचे ते मी भाऊबीजेला बोलून चुकले आहे, आणि ते शेजारच्यांनीही ऐकले आहे. 'या घरात पुन्हा माझ्या हातून पूजा व्हायची नाही' असे म्हणून तुम्ही दुसऱ्या दिवशी टांग्यात बसलात. त्यानंतर काय काय झाले, ते तुम्हाला कळावे एवढाच हेतू. तुम्हाला ठाऊक असलेलेही लिहावे लागेल, कारण क्रमाने लिहिल्याशिवाय मला लिहिता येत नाही.

माझ्या पिस्तुलाच्या लायसनची मुदत ३१ डिसेंबरला संपते. ते पुन्हा तीन वर्षांसाठी करून घ्यायचे तर पोलिसांना शस्त्र चालू स्थितीत दाखवावे लागते. मी दिवाळीनंतर ते घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या मुन्शीने मुठीतले, गोळ्या भरायचे मॅगझिन बाहेर ओढले, हलवून पाहिले, वास घेतला आणि माझ्या अर्जावर शेरा मारला: 'शस्त्र नाकारा. लाइसेंसी वृद्ध महिला. थाने में जमा कराया जाना उचित.' जमा झालेली वस्तू ठाण्याच्या मालखान्यातून परत आलेली या शहरात कोणी पाहिलेली नाही. (त्यांच्या हिंदीत नाकारा म्हणजे निकामी.) मी मुन्शीला विचारले, 'नाकारा कौन, शस्त्र या महिला?' तो म्हणाला, 'माताजी, आप बैठ जाइए.' मी बसले नाही.

हे पिस्तूल तुम्हाला देवघरातली एक वस्तू वाटते, ते साहजिक आहे. ते घरात आल्यापासून वर्षातून एकदा माझे बंधू अप्पासाहेब यांच्या तलवारीशेजारी पाटावर मांडलेलेच तुम्ही पाहिले आहे. पण १९३६ साली दरबाराने मला कन्याशाळांची इन्स्पेक्ट्रेस नेमले तेव्हा निमाडातल्या शाळांना मी बैलगाडीने जात असे. एका शाळेच्या ओट्यावर बिबळ्या बसलेला होता. (मास्तरांनी त्याला हजेरीपटात मुलींच्या गैरहजेरीचे कारण म्हणून आधीच नोंदवले होते.) त्यानंतर मला हे लायसन मिळाले. मी ते पिस्तूल नोकरीत दोनदाच झाडले. एकदा तरसावर आणि एकदा चुकून हेडमास्तरांच्या छत्रीवर. हेडमास्तर छत्रीखाली नव्हते. मुद्दा असा की घर चिंतामणच्या नावावर आहे. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख अजूनही अप्पासाहेबच आहेत. ते जाऊन सहा वर्षे झाली, तरी आपल्या घरची साखर त्यांच्याच नावाने येते. माझे नाव पहिल्या ओळीत असलेले सरकारी कागद दोनच, पेन्शनचे बुक आणि हे लायसन. पेन्शन म्हातारी झाले म्हणून मिळते. लायसन मी काहीतरी करीत होते म्हणून मिळाले होते. ते मालखान्यात जाऊ देणार नाही, एवढे मी ठरवले.

आता मॅगझिनकडे येते. खंडेनवमीला मी तापाने पडले होते आणि पूजा तुम्ही केलीत. अप्पासाहेब शस्त्रांवर फुलाने पाणी शिंपडत. मीही तेच करते. तुम्ही मनापासून केलीत. पिस्तुलाच्या मुठीतून मॅगझिन सरकून बाहेर येते हे तुम्हाला त्या दिवशी नव्यानेच समजले. 'देवाला स्नान घालताना वस्त्र काढायचेच' या न्यायाने तुम्ही ते वेगळे काढलेत, आणि ते वरून उघडे, आतून पोकळ, गडूसारखे दिसल्यामुळे त्यात पळीपळीने पंचामृत घातलेत. नंतर बाहेरून स्वच्छ पुसून रेशमी फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलेत. धनत्रयोदशीला मुंग्यांची रांग नेहमीसारखी देवघराकडे नव्हे, तर माझ्या कपाटाकडे जाताना दिसली, तेव्हा मी फडके सोडले. आतली स्प्रिंग गंजून मधाला चिकटली होती. मी ती विणायच्या सुईने मोकळी करायला गेले आणि ती तुटली. (सुईने तुटली, तुमच्याने नव्हे. हे मी भाऊबीजेला सांगायचे राहून गेले.)

नवे मॅगझिन घेण्यासाठी मी कृष्णपुऱ्याकडच्या बंदुकांच्या दुकानात गेले. मालकाने प्रथम माझ्या पाठीमागे पाहिले आणि विचारले, 'बहनजी, भाईसाहब नहीं आए?' मी सांगितले, भाईसाहेब सहा वर्षांपूर्वी गेले; मला मॅगझिन हवे आहे, श्राद्धाचे सामान नव्हे. तेव्हा त्याने तीन मॅगझिने काचेवर मांडली. पहिले मेणकागदात गुंडाळलेले, 'एकदम ओरिजिनल, विलायती', किंमत नव्वद रुपये. दुसरे 'मिलिटरी का माल', पंचेचाळीस. तिसरे कोरे, चकचकीत, पंधरा. मला शस्त्रातले फार कळते असे मी म्हणत नाही. पण कॉन्व्हेंटमध्ये मदर अ‍ॅग्नेस आम्हाला शिवण शिकवताना एकच गोष्ट सांगत, की काम नेहमी उलट्या बाजूने तपासावे. नव्वद रुपयांच्या मॅगझिनची तळाची पट्टी मी सरकवली. (अप्पासाहेबांनी शिकवले होते.) आत गंजाचे खड्डे होते आणि त्यांच्यावरून रंग दिलेला होता. ओला रुमाल फिरवला तर रुमाल निळा झाला. कच्च्या रंगाचे लुगडे आपण याहून कमी विचारपूस करून परत करतो. मालक म्हणाला, 'पॉलिश है, बहनजी.' मी म्हटले, 'पॉलिश वर असते, हे आत आहे.' पंचेचाळीसचे लोखंड चांगले होते, कडा सरळ होत्या, स्प्रिंग अंगठ्याखाली ताठ लागत होती, पण ते माझ्या पिस्तुलात अर्धेच जाऊन बसले. 'ज़रा घिस देंगे,' तो म्हणाला. जोडा चावतो म्हणून पाय घासून घ्यायचा, हा व्यवहार मला पसंत नाही. राहिले पंधराचे. ते हातात घेतल्याबरोबर हलके लागले. गोळी जागेवर धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन कडा माझ्या नखाने वाकल्या, आणि स्प्रिंग सहा वेळा दाबल्यावर सातव्यांदा वर आलीच नाही.

तेव्हा मालक अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, 'बहनजी, आपको चलाना थोड़े ही है. दिखाना है. पंद्रह वाला ले जाइए.'

वहिनी, मला राग येतो हे तुम्हाला माहीत आहे. पण या वाक्याने मला राग आला नाही, मला घाम आला. तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावातून उसने आणलेले नकाशे आणि पृथ्वीचे गोल मी आयुष्यभर ओळखत आले. अशा शाळांची ग्रँट मी कापली आहे. आणि आता हा मनुष्य मलाच उसना नकाशा विकत होता, आणि मी क्षणभर पर्स उघडली होती. मी ती बंद केली आणि बाहेर पडले. मागून तो 'तेरह, बहनजी, तेरह!' असे ओरडत होता.

परदेशीपुऱ्यात मारुती मिस्त्री म्हणून आहेत. पूर्वी गिरणीत मागांचे फिटर होते, आता सरकारी परवान्याने बंदुका दुरुस्त करतात. परवाना भिंतीवर दोन देवांच्या मध्ये लावलेला आहे. त्यांनी माझे मॅगझिन हातात घेतले, नाकाशी नेले आणि विचारले, 'बाई, ह्याच्यात शहद गेलंय का?' त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. 'दही पण आहे,' ते म्हणाले, 'दसऱ्याची केस आहे ही.' मी विचारले, म्हणजे अशा केसेस येतात? ते म्हणाले, 'दरसाल चार-पाच पक्क्या. जुन्या फौजी घरातल्या सगळ्या. मागल्या साली एका सरदारांची दुनाली आली होती, दोन्ही नळ्यांत खीर.' मी म्हटले, मग तुम्ही त्या लोकांना सांगत का नाही? ते हसले. 'कोणाला सांगणार, बाई? पूजा करणारी घरात सगळ्यात मोठी असते.' नंतर त्यांनी ती कोणी केली असे विचारले. मी सांगितले, माझ्या वहिनींनी. मिस्त्री मॅगझिन उजेडाकडे धरून आत पाहत म्हणाले, 'हात साफ आहे हां त्यांचा. तळापर्यंत पोचवलंय.'

हे मी जसेच्या तसे कळवते आहे, कारण ते तुमच्या बाजूचे आहे. इंदुरात दरवर्षी चार-पाच घरांत हेच होते हे मला ठाऊक असते, तर भाऊबीजेला मी 'असे जगात कोणी केले नसेल' हे वाक्य बोलले नसते. इतर वाक्ये कदाचित बोलले असते.

मिस्त्रींनी कृष्णपुऱ्याच्या तिन्ही मालांची हकीकत ऐकून मान हलवली आणि सांगितले की नवे घेऊच नका. जुना डबा खऱ्या लोखंडाचा आहे, रॉकेलमध्ये भिजवून साफ होईल, आत फक्त स्प्रिंग आणि गोळ्या वर ढकलणारी पट्टी नवी घालू. लाकडाची सात खोटी काडतुसे त्यांनी स्वतः तासली. ती भरून मॅगझिन आठ दिवस तसेच ठेवले. आठ दिवसांनी काढली तेव्हा सातही एकसारखी वर आली. मी उलट्या बाजूने तपासले. कुठेही रंग नाही. त्यांनी अकरा रुपये मागितले, मी बारा दिले. (तुम्ही असतात तर नऊ दिले असते, हे मला माहीत आहे.)

काल ठाण्यात गेले. मुन्शीला न भेटता सरळ थानेदारांपुढे उभी राहिले. तरुण मनुष्य, सतनाकडचा. त्यांच्या टेबलावर मी मॅगझिन सात वेळा घातले आणि सात वेळा काढले. चौथ्या वेळेनंतर ते 'ठीक है, माताजी' म्हणत होते, पण मी सात पुरे केले. त्यांनी मुन्शीचा 'नाकारा' हा शब्द स्वतःच्या पेनने खोडला. खाडाखोड पाहून मला इतके समाधान कधी झाले नव्हते.

तेव्हा शस्त्राचा प्रश्न मिटला आहे आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नये. घाईने परत येण्याचेही कारण नाही. भोपाळला तलाव आहेत, ते पाहावेत. चि. चिंतामणला आशीर्वाद, आणि त्याला म्हणावे, सहीनंतर कार्डावर बरीच जागा शिल्लक राहते. सूनबाईस व मुलांस आशीर्वाद.

आपली,
यशोधरा

ता. क. शस्त्राचा प्रश्न मिटला, लायसनचा नाही. थानेदारांनी शेवटी विचारले, 'घर में और कौन है?' त्यांचे म्हणणे, म्हातारी बाई घरात एकटी असेल तर पिस्तूल तिच्या नव्हे, चोराच्या कामाचे, म्हणून ते ठाण्यातच बरे. मी म्हटले, मी एकटी नाही. त्यांनी लिहून मागितले. मी लिहिले: 'मी व माझी भावजय श्रीमती इंदुमतीबाई, दोघी, कायम.' त्यांनी विचारले, त्या आता कुठे आहेत? मी म्हटले, देवळात. महिनाअखेरीपूर्वी कोणत्याही सकाळी ते घरी येऊन तुम्हाला प्रत्यक्ष पाहतील आणि मगच सही करतील. सरकारी कागदावर मी आयुष्यात केलेले हे एकच असत्य विधान आहे आणि ते सत्य करणे माझ्या हातात नाही. भोपाळहून इकडची मोटार सकाळी लवकर निघते.

ता. क. दुसरा. मन मोकळे करण्यासाठी लिहिते. थानेदार असेही म्हणाले होते की घरची कामवाली मुक्कामाला असली तरी चालेल. आपली सखुबाई तुम्ही गेल्यापासूनच तयार होती. तिने अंथरूणही आणून ठेवले होते. तिचे नाव लिहिले असते तर कालच सही झाली असती. मी तुमचे लिहिले.