हद्दीचे दगड

४ फेब्रुवारी

चि. बाळीस,
अ. उ. आ.

तुझं गुडघ्यांचं रडगाणं पोचलं. माझे गुडघे तुझ्याहून सात वर्षांनी थोरले आहेत, तेव्हा तक्रारीचा पहिला मान माझा.

मुद्द्याची गोष्ट अशी, की रेल्वेचा माणूस आला होता. लाइन बंद झाल्याला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यात पहिल्यांदाच. मोजणीचं यंत्र घेऊन बाजारात विचारत होता, जुने रूळ नेमके कुठून जायचे. कोणाला धड सांगता येईना. शेवटी सायकलवाल्याने त्याला माझ्याकडे धाडलं, म्हणाला, सांधेवाला अजून जिवंत आहे. त्याने आपला नकाशा उघडला तर उंदरांनी नेमका आपल्या गावावर ताव मारलेला. पुलापासून मालधक्क्यापर्यंत नुसतं भोक. मी त्याला म्हटलं, काळजी नको, तेवढा भाग माझ्या डोक्यात शाबूत आहे.

उद्यापासून त्याच्याबरोबर हिंडणार. मोजणी कशासाठी, ते मी विचारलं नाही. तीस वर्षं रुळांचे सांधे बदलणाऱ्याला हे विचारावं लागतं का?

लेकीला आणि जावयांना आशीर्वाद. उत्तराला उशीर लावू नकोस. मी पोस्टमनच्या वाटेतच बसलेला असतो.

तुझा,
दादा

१० फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं अक्षर इतकं सरळ फार दिवसांत आलं नव्हतं. त्यावरूनच ओळखलं, स्वारी खुशीत आहे. ट्रंकेतून गणवेशसुद्धा काढला असशील. पोटावरची बटणं लागतात का, तेवढं खरं खरं लिही.

इकडे लेकीला सातवा महिना लागला. दोन खोल्यांत पाळण्याची जागा करायची म्हणून माझं अंथरूण स्वयंपाकघरात आलंय. ऊब असते, तक्रार नाही.

पण दादा, एक विचारू? गाडी पुन्हा सुरू होणार, असं तो माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणाला का? तू लिहिलं नाहीस म्हणून विचारते. तुझ्यासमोर कोणी नुसतं रेल्वे म्हटलं तरी तू हिरवा बावटा घेऊन उभा राहतोस. जावई जमिनीच्या कागदपत्रांच्या कचेरीत आहेत, त्यांच्या कानावर घालते.

जेवण वेळेवर घे. शिंपीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्या डबा देतात म्हणून मला इथे झोप लागते.

तुझी,
बाळी

१९ फेब्रुवारी

चि. बाळीस,
अ. उ. आ.

वरची तीन बटणं लागतात. खालच्यांचं विचारू नकोस.

दहा दिवस पायपीट झाली, पण बाळी, सगळं सापडलं. अर्धं गाव त्या लाइनवरच वसलंय आणि कोणाला पत्ता नाही. पिठाच्या गिरणीचं छप्पर आपल्याच रुळांवर उभं आहे. सिग्नलच्या खांबाला लोक कपडे वाळत घालतात. हद्दीचे दगड मात्र जमिनीत गडप झाले होते. मी पावलं मोजत जायचो, पहार घालायचो, आणि ठण्ण आवाज आला की तो माणूस माझ्याकडे बघतच राहायचा. एकूण एकेचाळीस दगड काढून दिले. प्रत्येकावर त्याने लाल रंग मारला.

एक दगड शिंपीणबाईंच्या परसात होता. तिथेच फलाटाची कडही आहे, तिच्यावर त्या धुणं धुतात. मीच त्याला आत नेलं. मोजायची फीत नीट बसावी म्हणून बाईंनी पाण्याचं पिंप स्वतः सरकवलं आणि आम्हाला चहा दिला. गाडी आली तर माहेरी एका दिवसात जाऊन येता येईल, असं म्हणत होत्या.

आता दोनच दगड राहिलेत. मग कळवतो.

तुझा,
दादा

२३ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र घाईत लिहितेय. ते दोन दगड दाखवू नकोस. आजारी पड, पाय मुरगळला म्हण.

जावयांनी चौकशी केली. गाडीबिडी काही नाही. रेल्वेला हद्दीतली घरं उठवून ती जमीन रिकामी करायची आहे. हद्द कुठली हे सिद्ध करता येत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं ते काम अडलं होतं. तुझं क्वार्टरही त्यातच आहे.

वेळ आलीच तर इकडे निघून ये. जावई म्हणाले, महिनाभर कसंही निभावू. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण घर माझं नाही, तुला ठाऊक आहे.

तुझी,
बाळी

६ एप्रिल

चि. बाळीस,
अ. उ. आ.

इतके दिवस लिहिलं नाही. तुझं पत्र हातात पडलं तेव्हा शेवटच्या दगडावरचा रंगही वाळला होता.

मार्चमध्ये सव्वीस घरांना आणि आठ दुकानांना नोटिसा आल्या. लोक शाळेत जमले. मीही गेलो, दाराशी उभा राहिलो. सायकलवाला म्हणाला, उंदरांनी आपलं काम चोख केलं होतं, म्हाताऱ्याने घाण केली. कोणी हसलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

शिंपीणबाईंचा डबा नोटिशीनंतरही एक दिवस आला. ओट्यावर ठेवून गेल्या. मग बंद झाला.

काल घरं पाडायला यंत्रं आली. बाई एकट्याच शिवणाचं मशीन बाहेर ओढत होत्या, नवरा कपाटापाशी. मी दुसरी बाजू धरली. त्या हळूच म्हणाल्या, राहू द्या, आमचं आम्ही बघतो. मी हात काढला. नवरा मोकळा होईपर्यंत त्या मशीन धरून तशाच उन्हात उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत फलाटाची कडही उखडली. माझं क्वार्टर सर्वांत शेवटी पाडलं. मी शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहितोय.

तो मोजणीवालाही आला होता. मी त्याला विचारलं, आधी का सांगितलं नाहीत. तो गोंधळला. त्याला वाटलं होतं, मला ठाऊक आहे. माणूस वाईट नाही. जाताना त्याने एक लिफाफा दिला. आत शिक्क्याचं आभाराचं पत्र आहे, बहुमोल सहकार्याबद्दल. त्यावर माझं नाव आलंय, काना-मात्रेसकट बरोबर. तीस वर्षांच्या नोकरीत ते एकाही कागदावर धड आलं नव्हतं.

गुरुवारच्या बसने येतो. महिन्याचं लिहिलंस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. लेकीला माझ्यामुळे हलवू नका, मला स्वयंपाकघराच्या दाराबाहेर जागा पुरेल.

लोभ ठेव. आणखी काही मागायला मला तोंड राहिलेलं नाही.

तुझा,
दादा