तुझ्या टायपिंगमधला डॅश

आई, पप्पांच्या गोष्टींची सीडी अखेर उघडली. प्रेसमध्ये जेवणाच्या सुट्टीत बसून तू टाईप केलेल्या सगळ्या गोष्टी तिच्यात आहेत, एकही गहाळ नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, आता माझी मुलगी कॉलेजात जाते, आणि इतकी वर्षं ती सीडी माझ्या कपाटात साड्यांखाली पडून होती. छापलेल्या पुस्तकाच्या प्रती लोकांनी वाचायला म्हणून नेल्या, त्या काही परत आल्या नाहीत. पप्पांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "नेली म्हणजे वाचली असंल," एवढंच म्हणायचे.

ते आता माझ्याकडेच असतात, दिघीला. काचबिंदूने त्यांची नजर गेली. उजेड-अंधार कळतो, माणूस आवाजावरून ओळखतात. नजर होती तोवर दर रविवारी विहारात जाऊन मुलांना गोष्टी सांगायचे, त्यांच्या फाउंड्रीतल्या, भोसरीच्या चाळीतल्या. मागच्या वर्षी जाणं थांबवलं. मी म्हटलं, पप्पा, आठवेल तेवढं सांगा की. तर म्हणाले, "आठवतं गं, पण मधलं मधलं गळतं. पोरं हुशार हायेत. लगेच विचारतात, आजोबा, मग शेळीचं काय झालं? मला न्हाई सांगता येत." गावाकडून शेळी घेऊन थेट चाळीत आलेल्या माणसाची ती गोष्ट, तुझी आवडती. त्यानंतर पप्पा गॅलरीत रेडिओ लावून बसू लागले, आणि बातम्या संपल्या तरी रेडिओ बंद करेनात. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, परत जाऊन बसायचे. आयुष्यभर बोलत आलेला माणूस असा गप्प झालेला मला बघवेना.

तुझी प्रेस मला अजून जशीच्या तशी दिसते. शाळा सुटली की मी तिथे येते. शाईचा वास, मशीनचा खडखडाट, आणि आतल्या काचेच्या खोलीत तू एकटी. मालकांनी एसी कॉम्प्युटरसाठी लावलाय, तुला त्याने सर्दी होते म्हणून तू उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसतेस. मी कीबोर्डला हात लावायला गेले की मान न वळवता म्हणतेस, "आधी हात धू. आत्ता चिंचा खाल्ल्यास." पप्पांचं अक्षर फक्त तुलाच लागायचं. घरी तू भाकरी थापत असताना ते पाटावर बसून गोष्ट वाचून दाखवायचे, आणि तू तव्यावरची नजर न काढता म्हणायचीस, "हे लांबलं." मग ते चिडून दुसऱ्या खोलीत जायचे आणि भाकरी खायला परत यायचे.

सीडी घेऊन मी आधी चिंचवडला एका डीटीपीवाल्याकडे गेले. त्याने फाईलींची नावं बघितली आणि हसलाच. "मॅडम, हे सॉफ्टवेअर बंद पडून जमाना झाला. प्रिंट असेल तर द्या, नवीन टाईप करून देतो." म्हटलं, प्रिंट असती तर तुमच्याकडे आले असते का? "मग सोडून द्या," म्हणाला. वाईट माणूस नव्हता, चहा विचारला त्याने. पण "सोडून द्या" ऐकून मला घरी जावंसंच वाटेना.

आता माझं काम काय, ते तुला सांगितलं पाहिजे. निघोजेजवळच्या एका कंपनीत मी मशीनची माहितीपत्रकं मराठीत आणि हिंदीत करते. वेगवेगळ्या देशांतून मशीन येतात, प्रत्येकाचे कागद वेगळ्या प्रकारच्या फाईलीत. ते एकातून दुसऱ्यात नेण्यासाठी आम्ही फुकट मिळणारी, खुली सॉफ्टवेअर वापरतो. खुली म्हणजे ती आतून कशी चालतात हे कुणीही उघडून वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. रोज ऑफिसात हेच करते आणि तुझ्या फाईली मात्र दुकानात घेऊन गेले! कंपनीतल्या मैत्रिणीकडून सीडी ड्राइव्ह आणला आणि शनिवारी दुपारी बसले. त्यातल्याच लिब्रे ऑफिसने तुझी जुनी फाईल चक्क उघडली. पण पानभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी. तुझा फॉन्ट जुना. आतून इंग्रजी अक्षरंच, वरून मराठीचा वेष. मग इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाने बनवून ठेवलेलं एक रूपांतराचं साधन सापडलं. त्यातून मजकूर काढला आणि पडद्यावर पहिलं वाक्य आलं, "चाळीत शेळी आली ती सेकंड शिफ्टला." मी उठून पाणी प्यायले.

पप्पांसाठी तो मजकूर फोनला मोठ्याने वाचायला लावला, तेव्हा दर दोन ओळींनी तो अडखळायला लागला. "दुस", मग थांबून, "या दिवशी". मी तुझ्या बोटांकडे किती वेळ बघत बसायचे, ते तेव्हा उपयोगी पडलं. त्या फॉन्टात अर्धा र धड उमटत नसे, म्हणून तू तिथे एक डॅश ठोकायचीस: "दुस-या". डोळ्यांना ते वाचता येतं, फोनला नाही. साधन खुलं होतं म्हणून मी त्यात नियम घातला, की य आणि ह च्या आधीचा डॅश म्हणजे अर्धा र. पप्पांना ऐकवलं, तर "जाण्या-येण्यात" मधल्या डॅशचाही र होऊन बसला होता. फोन म्हणाला, "जाण्याऱ्येण्यात." पप्पा म्हणाले, "ही बाई कानडी बोलाय लागली का काय?" आणि हसले. किती दिवसांनी हसले, आई! मी नियम सुधारला, ह चं आहे तसंच, पण य असेल तर फक्त "या" पुढे आला तरच र, आणि तो त्या साधनवाल्यालाही पाठवला. त्याचं उत्तर आलं की त्याने घेतलाय, कितीतरी जणांच्या जुन्या फाईलींत हाच डॅश अडतो. म्हणजे तुझ्यासारख्या सगळ्याच टायपिस्ट बायकांची ती युक्ती होती.

पुढे सोपं होतं. सगळ्या गोष्टींचं एक ई-पुस्तक केलं आणि पप्पांच्या फोनवर टाकलं. एक बटण दाबलं की वाचायला लागतं, दोनदा दाबलं की थांबतं. पहिल्या दिवशी म्हणाले, "बरी वाचते, पण हिला काय पीएमटीची बस पकडायचीय?" वेग कमी करून दिला. मग शेळीची गोष्ट लागली. ती शेळी मुकादमाची टोपी खाते तिथे पप्पांनी बटण दोनदा दाबलं आणि मला म्हणाले, "टोपी! बघ, ही टोपीच गळाली होती माझ्यातून." त्या रविवारी स्वतःहून कपडे करून बसले. मी विहारापर्यंत सोडायला गेले आणि पायरीवर थांबून ऐकलं. फोन खिशातच राहिला. गोष्ट त्यांनी तोंडानेच सांगितली, टोपीसकट, आणि मुलांनी शेळीचा आवाज काढून काढून विहार डोक्यावर घेतला.

आता त्यांना नव्या गोष्टी सुचायला लागल्यात. ते सांगतात, मी पोळ्या आटपून लॅपटॉप घेऊन बसते. फार बारकाईने सांगतात, स्वल्पविरामासकट, आणि मी मध्ये बोलले तर म्हणतात, "तू फक्त लिही." हे पत्र कुठे धाडायचं नाही म्हणून तुला सांगते: परवा त्यांनी फाउंड्रीतल्या भट्टीचं इतकं लांबलचक वर्णन सांगितलं की मी त्यातलं एक अख्खं वाक्य टाईपच केलं नाही. काल फोनवर ती गोष्ट ऐकून म्हणाले, "बघ, किती नेमकं लिहिलंय मी." मी हो म्हटलं.