चोरी नाही, एवढा कागद

सोलापूर, शुक्रवार, जानेवारी १९७६

मैंदर्गीच्या गुरुजींची बायको आज ऑफिसात आली. नवऱ्याला आणीबाणीत मिसा कायद्याखाली, विनाचौकशी उचलून नेऊन दोन महिने झाले. म्हणाली, "वकीलसाहेब, सोडवा म्हनत न्हाय मी. चोरी केली न्हाय, एवढं कागदावर लिहून द्या. पोरीची सोयरीक अडलीय की."

कारण सांगायला सरकार बांधील नाही, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? युद्धाच्या वर्षी हा कायदा आला, तेव्हा बाररूममध्ये मीच त्याची बाजू घेऊन भांडलो होतो. देश आधी, म्हणालो होतो. चुकलो का? तेव्हा तरी वाटलं नाही.

शेवटी माझ्याच लेटरहेडवर लिहिलं, चोरी नाही. सही केली, शिक्काही मारला. तिनं कागद पदराच्या गाठीत बांधला.

पण गुरुजींना कशासाठी नेलं, ते मला तरी कुठं माहीत आहे?