टपोऱ्या दाण्यांचा स्कार्फ

आई, तुला आणि बाबांना वाकून नमस्कार.

अक्षर गिचमिड दिसलं तरी घाबरू नकोस. या वेळी पत्र मीच लिहितेय. हाताचं प्लास्टर निघालं.

क्रोशाची सुई धरवेल की नाही, याचीच धास्ती होती. म्हणून नवा स्कार्फ जाड लोकरीचा आखला, मधे विणीतच उठवलेले टपोरे दाणे आणि कडेला पीळ. काल पुरा झाला. आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "असेच अजून विण. तुझी जागा कुठे जात नाही." मला रडूच आलं.

करंगळी अजून जरा रुसलीय, पण तिच्यावाचून अडत नाही. बाबांचा खोकला कसा आहे? खरं कळव.

हा स्कार्फ तुलाच पाठवतेय. त्यातली पहिली ओळ वाकडी आहे, ती मी उसवली नाही. तिथे हाताने पहिल्यांदा माझं ऐकलं.

तुझीच,
धाकटी