धाग्याला लावलेलं मेण

तीर्थस्वरूप मामांना,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (मान अवघडल्यामुळे आठापैकी सातच अंगं हजर आहेत, गोड मानून घ्या.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामीचा खोकला गेला का? शिलाईचं दुकान बंद केल्यापासून तुम्ही दिवसभर घरात असता आणि मामीने कांदा किती बारीक चिरावा यावर देखरेख करता, असं आईकडून कळलं. तरीही मामी ठणठणीत असेल तर ती तिची पुण्याई. पत्रास कारण की... नको, कारण मागाहून. आधी खुशाली सांगते, म्हणजे तुम्ही निदान अर्धं तरी वाचाल.

मागे तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतंत, की धागा तुटायचा तेव्हा तुटतो, त्यात पीएच.डी. करण्यासारखं काय आहे? मी तेव्हा फणकाऱ्याने उठून गेले होते, आता उत्तर देते. कारखान्यातलं मशीन मिनिटाला चार हजार टाके घालतं. (तुमचं मशीन तापलं की तुम्ही चहा प्यायला उठायचात, कारखान्यात कुणी उठत नाही.) त्या वेगात सुई इतकी तापते की पॉलिएस्टरचा धागा मऊ पडतो, पाघळतो आणि तुटतो. म्हणून धागा बनवणारे त्याच्यावर आधीच एक गुळगुळीत लेप चढवतात. माझं काम उलटं. तो लेप तीन-तीन दिवस धुऊन काढायचा, धागा अगदी कोरा करायचा, आणि मग तो स्वतःच्या जिवावर किती टिकतो ते मोजायचं. थोडक्यात, नवरीचा मेकअप उतरवून मग तिला बघायला बोलवायचं.

तर मामा, माझा कोरा धागा तुटेचना! अर्ध्या मिनिटात राम म्हणायला हवा होता, तो वीस-वीस मिनिटं चालायचा. सहा महिने मी आकडे लिहीत होते आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम खूश होत्या. (मॅडम खूश होणं ही घटना विभागात लोक तारखेसह लक्षात ठेवतात.) मग आकडे पडताळायला त्यांनी माझ्याबरोबरच्या एकाला मशीनवर बसवलं. त्याला आम्ही दशांश म्हणतो, कारण तो वेळसुद्धा तीन दशांश स्थळांपर्यंत सांगतो. धागा तोच, सुई तीच, मशीन तेच, आणि याचा धागा बसल्या बसल्या तुटतोय. आम्ही सुई बदलली, खोलीतला दमटपणा मोजला, दशांशचा पाय जड आहे असा ठरावही जवळजवळ पास केला. शेवटी मॅडम हाताची घडी घालून माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तू बस.

मी बसले. धागा ओवला, कोटाच्या खिशात हात घातला, मेणाची वडी काढली, धागा ज्या कडीतून खाली उतरतो तिला दाबून बसवली, म्हणजे धागा मेणाला घासतच सुईकडे जातो, आणि मशीन सुरू केलं. मॅडमनी विचारलं, हे काय? मी विचारलं, कुठे काय? देवाशपथ सांगते, मला ठाऊकच नव्हतं! बारा वर्षांची असताना तुमच्या दुकानात मेण न लावता धागा ओवला की तुम्ही बोटांवर पट्टी मारायचात. ती बोटं अजून तुमच्याच नोकरीत आहेत. मशीनचं तोंड भिंतीकडे, त्यामुळे सहा महिने दुसऱ्या कुणालाही दिसलं नाही. तीन दिवस धुऊन कोरा केलेल्या धाग्याला मी स्वतःच्या हाताने मेण फासत होते. सगळी वही पाण्यात. मी तिथेच, त्या तुटक्या धाग्यांच्या टोपलीशेजारी, हमसून हमसून रडले. दशांशने पाणी आणून दिलं. किती मिलिलिटर ते सांगितलं नाही, यावरून प्रसंग ओळखा.

पण दुसऱ्या दिवशी मॅडमनीच बोलावलं. त्यांनी माझे आकडे कारखान्याच्या लेपवाल्या धाग्याशी ताडून पाहिले होते. माझा धागा त्याच्यापेक्षाही जास्त टिकला होता आणि सुई चाळीस अंशांनी थंड होती! (दशांशच्या मते एक्केचाळीस पूर्णांक दोनशे सात सहस्रांश.) मग आम्ही बाजारातलं साधं मेण लावून पाहिलं, तर सुईचं नेढं बुजलं आणि कापडावर डाग पडले. म्हणजे करामत मेणाची नाही, तुम्ही त्यात जे काही कालवता त्याची आहे. मॅडम म्हणाल्या, विषयच बदलू, आता हेच मोजू. मामा, इतका आनंद मला प्रवेश मिळाला तेव्हाही झाला नव्हता. मात्र मंगळवारी समिती येणार आहे. तिच्यासमोर हे पुन्हा करून दाखवलं तर काम पुढे चालू, नाहीतर माझी नोंदणी रद्द. आणि वडी आता करंगळीच्या नखाएवढी उरली आहे.

वडी कुठली, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. दुकान बंद केलंत त्या दिवशी मी ती खणातून घेतली. घेतली म्हणजे चोरलीच. तुमच्या दुकानातलं काहीतरी माझ्याजवळ असावं असं फार वाटलं, आणि मागितली असती तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं. तुम्ही मात्र मामीने कचऱ्यात टाकली म्हणून दोन वर्षं तिला ऐकवताय. तिची माफी तुम्ही मागा, तुमची मी मागते.

मामीला नमस्कार. कळावं. लोभ आहेच, तो मंगळवारपर्यंत टिकावा.

तुमची,
भाची

ता. क. १ : मेणात काय कालवता ते लिहून पाठवा, अशी विनंती करणार होते. पण सत्तेचाळीस वर्षांत तुम्ही ते मामीलाही सांगितलं नाहीत, तेव्हा पोस्टाच्या भरवशावर काय सोडाल! त्यापेक्षा सोमवारी स्वतःच या. चष्मा आणि मेणाचं सामान आणा. समितीसमोर मशीनवर तुम्हीच बसायचं आहे.

ता. क. २ : पुन्हा मशीनला हात लावणार नाही अशी शपथ घेतली आहेत, ठाऊक आहे. ती शिलाईच्या मशीनची. हे संशोधनाचं मशीन आहे.

ता. क. ३ : तज्ज्ञांच्या यादीत तुमचं नाव मी आधीच घातलं आहे. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, म्हणून ‘सत्तेचाळीस वर्षं’ असं लिहिलं. मॅडमनी ते वाचून माझ्याकडून पेन मागून घेतलं. मग त्यांनी तिसऱ्या क्रमांकावरचं तुमचं नाव खोडलं आणि सगळ्यात वर, स्वतःच्या नावाच्याही वर लिहिलं. आता तुम्ही आला नाहीत तर यादी मॅडमपासून सुरू होईल, आणि मेणातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नाही.