पडद्यामागची वायर

मुरुड, कोळीवाडा

प्रिय मितेश,

हाताशी फोन असताना बाबांनी कागद का घेतला, असं तुला वाटेल. ते सांगतोच, पण आधी इकडचं ऐक. नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. यंदा जवळा बरा मिळाला, तुझ्यासाठी सुकवून डब्यात भरून ठेवलाय. तुझी आई गेल्यापासून संध्याकाळी मी आधी दिवा लावतो आणि मग तुझा म्युझिक सेट.

सेटच्या मागे तुझी ती अठरा हजारांची डिजिटल वायरही अजून आहे. आपला वायरमन राहुल म्हणायचा, या वायरीतून नुसते आकडे जातात. ते पोचले की झालं, मग वायर शंभराची का असेना. तू म्हणायचास, आवाज मोकळा होतो. पहिल्या बोनसातून तू ती घेतलीस आणि आणलीस माझ्यासाठी. बोट दिसायच्या आधी इंजिनावरून ती कोणाची ते ओळखणारा माझा कान, असं तू सगळ्यांना सांगत फिरायचास.

तुझं लग्न ठरवायला विनिताच्या घरची माणसं आली, तेव्हा पैज लागली. सेटसमोर चादर बांधली. मी मागे बसून वायर बदलायची आणि तू पुढे बसून ओळखायचं. हळदीचं एकच गाणं पाच वेळा लावलं. कधी तू म्हणालास आता मोकळं वाटतंय, कधी म्हणालास कोंडलं. शेवटी मी चादर बाजूला केली आणि सगळ्यांसमोर बोललो, "वायर बदललीच न्हाय मी. पयल्यापासून जुनीच हाय." विनिताचे वडील डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसलो. तू मान खाली घालून एवढंच म्हणालास, "बाबा, नवी वायर लावून तुम्ही एकदा ऐकलंसुद्धा नाहीत."

लग्नानंतर तू दोनदा आलास, दोन्ही वेळा संध्याकाळच्या एसटीने परत गेलास. तीन वर्षं झाली त्याला.

तुझं ते बोलणं मनातून जाईना, म्हणून मी दोन्ही वायरी आलटूनपालटून लावून पाहिल्या. पण ही परीक्षा एकट्याला देता येत नाही. कोणती लावली ते हाताला माहीत असतं. बदलणारा वेगळा लागतो. मला दोन्ही सारख्याच वाटल्या. आधी बरं वाटलं, आपलंच खरं ठरलं म्हणून. मग गेल्या महिन्यात धक्क्यावर पाण्याकडे पाठ करून जाळं सांधत बसलो होतो, तुकारामची वाट बघत. त्याने खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकलो. त्याची बोट केव्हाच लागली होती. त्याचं इंजिन मी अर्ध्या खाडीवरून ओळखायचो.

अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कान बरेच गेलेत, आणि ते आजचं नाही, काही वर्षांपासून जातायत. तू फोन करतोस तेव्हा मला नुसती खरखर येते. शब्द लागत नाहीत म्हणून "बरं, बरं" म्हणून ठेवून देतो. तुला तो राग वाटत असेल. राग नाही रे.

पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला अलिबागला कानाचं मशीन लावायचंय. तिथल्या बाई म्हणाल्या, दोन-तीन मशीनं लावून बघू, आवाज ओळखीचा असेल असं घरचं माणूस आणा. ते पाठीमागे उभं राहून बोलेल आणि कशात स्पष्ट येतं ते तुम्ही सांगायचं. मी आणतो म्हणालो. घरी येईपर्यंत विचार केला, आणि तुझ्याशिवाय कोणी आठवलं नाही. तू ये. माझ्या मागे उभा राहा. मशीन कोणतं लावलंय ते मला सांगू नकोस, काढून तेच पुन्हा लावलं तरी चालेल. तू नुसता बोल, या वेळी मी ऐकतो.

तुझाच,
बाबा