मंडईतला हुकूम

उस्ताद, मी तुमचा आवाज वापरला. तुमाले जाऊन आता कितीतरी वर्सं झाले, म्हनून इचारता आलं नाही. तुमी होते तवाही इचारून कधी वापरला नव्हता, थे तुमाले मालूमच हाय. आता भंडाऱ्याले पोलीस हेडक्वार्टरच्या फाटकावर ड्युटी हाय मायी. गाडी आली का फाटक उघडतो, गेली का लावतो. मधात काही काम नाही, म्हनून हे लिहून राहिलो. अक्षराले हसू नोका.

ट्रेनिंगच्या वक्ताचं सांगतो. मेसच्या मांगं आमची स्क्वाड भांडे घासून राहिली होती अन् मी भिताडाआडून तुमचा आवाज काढला, "स्क्वाड, सावधान." सगये पोट्टे राखेच्या हातानं ताठ. मंग म्हटलं, "मांगं फिर." सगये फिरले, त समोर तुमीच उभे. कोनी हसलं नाही. तुमी मले भर उनात ग्राउंडवर नेलं अन् एकट्याले हुकूम देत ठेवलं. समोर माणूस नाही, नुसतं गवत. "चोरलाच हाय त पुरा चोर, बे नकल्या," तुमी म्हनले. "गयातून काढतं, बकरीवानी वाटते. पोटातून काढ." माया गया बसला तरी सोडलं नाही. संध्याकायी मेसवाल्याच्या हातून गरम पानी अन् मीठ पाठवलं. पोट्टे म्हनत, भारी सजा झाली. मलेही सजाच वाटली होती.

दंगा काबूच्या प्रॅक्टिसले तुमी अर्ध्यायले पोलीस करत, अर्ध्यायले पब्लिक. मी हमेशा पब्लिक. पोलीस झालेल्या साहेबलोकायच्या पोरायले ढेकलं मारायचं असं काम फुकटात कुठं भेटते. एक दिवस त्यायनं आमाले भिताडापाशी पुरं कोंडलं. मंग मी खरंच बिथरलो, एकाची ढाल हिसकून त्याच्याच डोस्क्यावर हानली. तुमी शिट्टी मारली. मले वाटलं आता मायी पायी. पन तुमी मायाकडं पाह्यलंच नाही, पोलीस झालेल्यायले म्हनले, "त्याले जायाले जागा कुठं ठेवली? कोंडलेला माणूस आंगावरच येनार ना. पयले वाट, मंग काठी." मी मांगून म्हटलं, "उस्ताद, मले वाट नोको, चहा पायजे." तुमी हसले नव्हते. मिशीखाली थोडं हाललं होतं.

दिवाळीनंतर आंबागडकडच्या एका गावात मंडईची जत्रा. मी बंदोबस्ताले. एका बाजूनं दुकानं, दुसऱ्या बाजूनं तलावावानी बोडी, पान्यानं गच्च भरलेली, अन् गावात जायाचा रस्ता एकच. पाळण्यावरून पोट्ट्यायचं भांडन लागते, कुठून तरी दगड येते, आमच्या साहेबाच्या खांद्याले लागते. साहेब म्हनते, "मारा." आमी लाइन करून पुढं निघतो. दहाबारा पावलं गेल्यावर मले दिसते, रस्ता आमच्या मांगं हाय. लोकं मांगं सरकून राहिले, अन् त्यायच्या मांगं बोडी. एक बाई कडेवरचं लेकरू वर उचलून घोट्याएवढ्या पान्यात उभी. मंग घुडघ्याएवढ्या. तिच्या समोर माणसायची भिंत, अन् त्या भिंतीसमोर आमी.

"स्क्वाड, थांब."

पोटातून निघाला. लाइनीतले अर्धे पोट्टे तुमच्याच हातचे. काठ्या वरच्या वर राह्यल्या. "डावी बाजू, वाट सोड." सोडली. लोकं आमच्या आंगाजवून गेले, चपला हातात घेऊन, काही न बोलता. एक म्हातारी जाता जाता मले म्हनली, "एवढंच कराचं होतं त आंधी काहून नाही केलं, बापू?" बाजूचा पोट्टा मायाकडं पाहेच ना. मंग हळूच म्हने, "अबे, उस्ताद त मेले ना?"

"मेले."

"मंग हे कोन बोललं?"

मी त्याची काठी धरून खाली केली.

दगडासाठी गावातल्या एका पोट्ट्यावर केस झाली. साक्षीदारायत मी. साहेबानं आपल्या जबानीत लिवलं होतं, थांबाचा हुकूम खुद्द साहेबानंच देल्ला. कोर्टाच्या आंधी मले चहा पाजला. "तू बी तेच सांग. तुयी नोकरी राहते, मायी लाज राहते. कोनाचं काय जाते?" खरं म्हनजे कोनाचंच काही जात नव्हतं. मी हो म्हनून मान हालवली.

पिंजऱ्यात उभा राह्यलो तवा तुमचं खोटं कोर्ट आठवलं. मेसच्या टेबलावर खुर्ची, खुर्चीवर तुमी जज, खांद्यावर काया टॉवेल. वकील कोनीही होवो, मी साक्षीदार झालो का सगये हसत. तुमी म्हनत, "वकिलाकडं पाहू नोको. जजकडं पाहून बोल. केलं थे केलं, नाही पाह्यलं त नाही पाह्यलं. हुशारी घरी ठेवून ये."

वकिलानं इचारलं, "दगड कोणी मारला, तुम्ही पाहिलं?"

"नाही जी."

"थांबा म्हणून हुकूम कोणी दिला?"

साहेब मांगच्या बाकावर, टोपी मांडीवर. मी जजकडं पाह्यलं. "मी देल्ला."

"तुम्हाला तो अधिकार होता?"

"नाही जी."

"मग लाइन थांबली कशी? आवाज कोणाचा होता?"

"माझा."

त्या दिवशीपासून साहेब बोलले नाही. मायावर चौकशी लागली, मले इथं फाटकावर आनलं. नोकरी राहीन का जाईन, कोनी सांगत नाही. घरी माय इचारते, मी म्हनतो बदली झाली. राग नाही येत, भेव नाही वाटत. जेवन केलं का नाही हेही कधी कधी दुसऱ्याले इचारा लागते. मेसमंदी पोट्टे म्हनतात, "अबे, उस्ताद काढ ना एकदा." मी तोंड उघडतो. बकरीच निघते.

हे पाठवावं तरी कुठं. नाकाडोंगरीले तुमच्या घरी आता काकू एकट्याच राहतात, त्यायले कोन वाचून दाखवन. वर्दीच्या खिशात ठेवतो, धुवाले जाईन तवा जाईन. एक गाडी येऊन राहिली, फाटक उघडा लागते. बाकी सगयं जजकडं पाहून खरं सांगतलं, उस्ताद. शपथ घेऊन खोटं बोललो थे एकच, आवाजाचं.